लकवा : एका शब्दाचा प्रवास आणि रुग्णाचा वेळ

नागपूरच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरवर, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी खापा हे गाव वसले आहे. हातमागावर आयुष्य काढलेले कोष्टी, जवळच्या गुमगावच्या मँगनीज खाणीत राबलेले कामगार आणि शेतीवर जगणारी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली आहेत. मध्य प्रदेशाची सीमा लांब नाही. शिवाय १९५६ पर्यंत नागपूर ही मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होती. त्यामुळे या भागातला माणूस एका वाक्यात दोन्ही भाषा सहज नांदवतो, आणि आजारपणाचे बोलणेही याला अपवाद नाही.

अशा गावात एखाद्या वृद्धाचा हात अचानक लुळा पडला, की गल्लीत एकच वाक्य फिरते : “आबाजीले लकवा मारला.” पुण्यात नोकरी करणारा नातू फोनवर ‘पॅरालिसिसचा अटॅक’ म्हणतो. घरातली वडीलधारी बाई ‘अंगावरून वारं गेलं’ असे सांगते. निवृत्त गुरुजी ‘अर्धांगवायू’ किंवा ‘पक्षाघात’ हा शब्द वापरतात. रुग्णालयाच्या कागदावर मात्र ‘स्ट्रोक’ लिहिलेले असते. आजार एक आणि नावे पाच. ही नावे वेगवेगळ्या भाषांतून, वेगवेगळ्या काळांतून आली आहेत, आणि नेमके काय झाले, कुठे झाले, कशामुळे झाले याविषयीची एकेक समजूत प्रत्येक नावाने सोबत आणली आहे. आजारपणाच्या पहिल्या तासात घरातली माणसे या समजुतीप्रमाणेच वागतात. म्हणून या शब्दांची ओळख करून घेणे हे केवळ भाषाप्रेमींचे काम राहत नाही. ज्या घरात साठी ओलांडलेले माणूस आहे, त्या प्रत्येक घराचा तो विषय आहे.

अरबीतला लकवा

‘लकवा’ हा शब्द मूळचा अरबी. ‘लक्वा’ या अरबी शब्दाचा वैद्यकातला अर्थ होता चेहरा वाकडा होणे : ओठाचा कोपरा एका बाजूला ओढला जाणे, डोळा नीट न मिटणे. नवव्या-दहाव्या शतकातील थोर वैद्य अल् राझी आणि त्यांच्यानंतरचे इब्न सिना या दोघांनीही चेहऱ्याच्या या विकाराचा स्वतंत्र विचार केला. अर्धे शरीर लुळे पडते त्या आजारासाठी अरबीत दुसरा शब्द होता : ‘फालिज’. ज्या धातूपासून तो आला, त्याचा अर्थ दोन भागांत विभागणे, दुभंगणे. माणूस उभा चिरल्यासारखा अर्धा चालता आणि अर्धा निश्चल होतो, हे त्या शब्दात आहे. तिसरा शब्द होता ‘सक्ता’, म्हणजे स्तब्धता, मौन. माणूस एकाएकी कोसळून निश्चेष्ट होतो, त्या अवस्थेचे हे नाव. हिंदीतला ‘सकते में आ जाना’ हा वाक्प्रचार त्याचाच वारस आहे, आणि आजच्या अरबीत मेंदूच्या झटक्याला ‘मेंदूचा सक्ता’ अशाच अर्थाचे नाव आहे.

म्हणजे युनानी हकिमांकडे तीन अवस्थांना तीन नावे होती. हा वारसा फारसी-उर्दूतून उत्तर भारतात आला, हिंदीत रुजला आणि मराठीत पोहोचला. मात्र या प्रवासात सूक्ष्म भेद गळून पडले. ‘फालिज’ उर्दूत राहिला, ‘सक्ता’ वाक्प्रचारात उरला, आणि केवळ चेहऱ्यापुरता असलेला ‘लकवा’ हात, पाय, वाचा या सर्वांचा शब्द झाला. गुजरातीतही तो ‘लकवो’ म्हणून नांदतो. वर्तमानपत्रांनी तर सरकार निर्णय घेईनासे झाले की ‘धोरणलकवा’ हा शब्द चलनात आणला. तिथे लकवा म्हणजे दीर्घकाळची ढिलाई. खरा लकवा मात्र याच्या अगदी उलट आहे : तो क्षणात येतो आणि घरच्यांकडून तत्काळ हालचालीची अपेक्षा करतो.

पक्ष, पंख आणि अर्धे अंग

संस्कृत वैद्यकातही असाच भेद होता. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत वातव्याधींच्या प्रकरणात या विकारांचे वर्णन आहे. चेहऱ्याच्या विकाराला तिथे ‘अर्दित’ म्हटले आहे, तर अर्ध्या शरीराच्या विकाराला ‘पक्षवध’ किंवा ‘पक्षाघात’. ‘पक्ष’ या शब्दाचा संसार मोठा आहे. पक्ष म्हणजे पंख, म्हणूनच पंख असलेला तो पक्षी. पक्ष म्हणजे बाजू. राजकारणातली असो वा वादातली. पक्ष म्हणजे महिन्याचा अर्धा भाग, शुक्ल किंवा कृष्ण. आणि दर पंधरवड्याला निघणारे ‘पाक्षिक’ही त्याचेच अपत्य. शरीराच्या अर्ध्या बाजूवर झालेला आघात तो पक्षाघात. एक पंख निकामी झालेल्या पाखराचे चित्र ज्याच्या डोळ्यांपुढे येईल, त्याला या शब्दाचा वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

‘अर्धांगवायू’ या शब्दात बाजूची जागा ‘अर्ध्या अंगा’ने घेतली. पंजाबीतला ‘अधरंग’ही याच अर्थाचा. मराठीत ‘अर्धांग’ म्हटले की ‘अर्धांगिनी’ आठवते, आणि या आजारात तो संबंध अगदी व्यावहारिक ठरतो. ओठाचा कोपरा उतरला आहे, चहाचा कप हातातून निसटतो आहे, उच्चार बोबडे झाले आहेत, हे बहुधा सर्वांत आधी जोडीदाराच्याच लक्षात येते. रुग्णाला स्वतःला ते उमगेलच असे नाही. मेंदूचा उजवा भाग दुखावला, तर कधीकधी रुग्णाला आपला डावा हात हलत नाही याची जाणीवच नसते आणि ‘मला काही झालेले नाही’ असे तो ठामपणे सांगतो. अशा वेळी त्याच्या सांगण्यापेक्षा पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवावा लागतो.

वाऱ्याचा संशय

‘अर्धांगवायू’तला वायू आणि ‘अंगावरून वारं गेलं’ यातला वारा एकाच घरातले. दक्षिणेकडे पाहिले तर तेलुगूत ‘पक्षवातम्’, तमिळमध्ये ‘पक्कवादम्’ आणि कन्नडमध्ये ‘पार्श्ववायू’. याहून नवलाची गोष्ट अशी, की आयुर्वेदाशी संबंध नसलेल्या भाषांनीही वाऱ्यावरच संशय घेतला. चिनी भाषेतल्या ‘झोंगफेंग’ या नावाचा अर्थ ‘वाऱ्याचा तडाखा बसणे’. मलाय भाषेत या आजाराला ‘आंगिन आहमर’, म्हणजे ‘तांबडा वारा’ म्हणतात. युरोपातल्या हंगेरियन भाषेतल्या जुन्या शब्दाचा अर्थही ‘वाऱ्याचा आघात’ असाच होतो. धडधाकट माणूस क्षणात कोसळतो आणि मारणारा तर कुठे दिसत नाही. न दिसता झोडपून जाणारा वारा सर्वांना ठाऊक होता, म्हणून जागोजागच्या लोकांना तोच आठवला असावा.

आपल्या जुन्या वैद्यांचा ‘वात’ म्हणजे मात्र खिडकीतून येणारी झुळूक नव्हे. त्यांच्या विचारात वात हे शरीरातील सर्व हालचालींना चालना देणारे तत्त्व होते. गती गेली, तर दोष गती देणाऱ्यातच असणार, हा त्यांचा तर्क. शास्त्रात त्याला अशी खोली होती. बोलीत आल्यावर ती राहिली नाही. आज घरात ‘वात’ म्हटले की गुडघेदुखी, पोटातला गॅस किंवा थंडीने आखडलेले अंग एवढेच आठवते. म्हणून सकाळी उठताना एक हात जड वाटला, की ‘वात आला असेल, तेल चोळा, शेकून काढा, पांघरूण घेऊन पडा’ असा सल्ला मिळतो. सल्ला देणाऱ्याची माया खरी असते. पण तेल हाताला लागते आणि दुखापत असते मेंदूत.

घाव कोणी घातला?

काही भाषांनी वाऱ्याचे नाव घेतले, तर काहींनी नुसत्या घावाचे. ग्रीक वैद्यांनी या आजाराला ‘अपोप्लेक्सिया’ म्हटले. अर्थ, तडाखा बसून खाली कोसळणे. अर्ध्या शरीराच्या लुळेपणासाठी डॉक्टर आजही ‘हेमिप्लेजिया’ हा ग्रीक घडणीचा शब्द वापरतात. त्याची फोड केली तर ‘हेमि’ म्हणजे अर्धे आणि ‘प्लेगे’ म्हणजे घाव : तंतोतंत आपला पक्षाघात. जर्मन भाषेतही ‘घावाचा झटका’ अशा अर्थाचा शब्द आहे. इटालियन आणि स्पॅनिश डॉक्टर ‘इक्टस’ हा लॅटिन शब्द वापरतात, त्याचाही अर्थ घाव. इंग्रजी ‘स्ट्रोक’ म्हणजे फटका. हा देवाच्या हातचा फटका आहे, अशी त्या काळच्या इंग्रजांची श्रद्धा होती.

‘पॅरालिसिस’ हा शब्द थोडा वेगळा. तोही ग्रीक, पण त्यात घाव नाही. ‘लिसिस’ म्हणजे सैल होणे, सुटणे. शरीराची एक बाजू गाठ सुटल्यासारखी ढिली पडणे म्हणजे पॅरालिसिस. हा ‘लिसिस’ पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे, आणि तोही उपचाराच्या नावात.

घाव नेमका कुठे बसतो, याचे उत्तर मिळायला बराच काळ लागला. डोक्याच्या डाव्या भागाला इजा झाली की शरीराची उजवी बाजू बिघडते, हे ग्रीक वैद्यांनी पाहिले होते. अरेटियस नावाच्या वैद्याने तर मेंदूकडून येणारे तंतू फुलीच्या आकारात एकमेकांना ओलांडत असावेत, असे अनुमान मांडले, आणि ते पुढे खरे ठरले. १६५८ मध्ये योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने अशा रोग्यांच्या शवविच्छेदनांवरून दाखवून दिले, की कोसळण्याचे कारण मेंदूतील रक्तस्रावात सापडते. आज हे चित्र स्पष्ट आहे. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. बंद होण्याचे प्रमाण कितीतरी अधिक आहे. रक्त न मिळालेला मेंदूचा भाग काम थांबवतो, आणि तो ज्या हाताला, पायाला, जिभेला हुकूम देत होता, ते अवयव निश्चल होतात. हात आजारी नसतो. त्याला हुकूमच पोहोचत नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणातही ही समज फार उशिरा उतरली. तिथे हा आजार दीर्घकाळ रक्ताभिसरणाच्या रोगांत मोडत असे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तो मज्जासंस्थेच्या रोगांत ठेवण्यात आला.

एका शब्दाने होणाऱ्या तीन फसवणुका

लकवा हा शब्द सर्वसमावेशक झाला, त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. पहिली फसवणूक चेहऱ्याच्या विकारामुळे होते. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याने १८२१ मध्ये चेहऱ्याच्या मज्जातंतूंविषयीचे आपले निरीक्षण रॉयल सोसायटीपुढे मांडले. या तंतूला सूज येऊन चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, त्या विकाराला त्यांच्या नावावरून ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. हाच मूळचा अरबी लकवा, हेच बहुधा आपले अर्दित. यात मेंदूला इजा नसते आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. डॉक्टरांनी लवकर औषध दिले तर पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते.

आता गावातला हिशोब पाहावा. एकाचे तोंड वाकडे झाले. त्याने कुठल्याशा गावाहून लकव्याचे औषध आणले, पथ्य पाळले आणि महिन्याभरात तोंड सरळ झाले. त्याचे समाधान खरे आहे आणि तो खोटे बोलत नाही. पण दोन वर्षांनी शेजारच्या आबाजींचा उजवा हात लुळा पडतो आणि जीभ अडखळते, तेव्हा तोच शब्द कानावर येतो, ‘लकवा’. आणि तोच पत्ता सांगितला जातो. दोन वेगळ्या आजारांना एकच नाव असल्यामुळे पहिल्याचा अनुभव दुसऱ्याच्या जिवावर बेततो. हे दोन विकार एकमेकांपासून वेगळे करण्याच्या खुणा डॉक्टरांना ठाऊक असतात. घरी मात्र तसा प्रयत्न करू नये. तोंड अचानक वाकडे झाले, तर मेंदूचा झटकाच समजून निघावे. तपासणीत बेल्स पाल्सी निघाली, तर आनंदाने परतावे.

दुसरी फसवणूक आपोआप जाणाऱ्या लकव्याची. बोलणे पाच-दहा मिनिटे बोबडे झाले, हात लुळा पडला आणि पुन्हा पूर्ववत झाला. घरचे म्हणतात, “वारं आलं नि गेलं.” गुठळी अडकली आणि सुटली, असा याचा अर्थ. हा मोठ्या झटक्याचा इशारा असतो, आणि तो झटका पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत येऊ शकतो. बरे वाटले तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

तिसरी फसवणूक खास आपल्या विदर्भाची. मे महिन्यात, नवतपाच्या दिवसांत पारा ४५ अंशांवर जातो. दुपारी कोणी कोसळले की ‘ऊन लागलं’ हाच पहिला शब्द येतो. उष्माघात आणि पक्षाघात या दोन्हींत आघात आहे. इंग्रजीत तर दोन्हींना ‘स्ट्रोक’च म्हणतात. उष्माघातही तितकाच तातडीचा आणि जीवघेणा आजार आहे. पण उन्हाने कोसळलेल्या माणसाची सहसा एकच बाजू लुळी पडत नाही. तोंड वाकडे असेल, एकच हात खाली पडत असेल, तर उन्हाळा असला तरी मेंदूचा झटका गृहीत धरावा. उन्हाचा त्रास समजून अशा रुग्णाच्या तोंडात कैरीचे पन्हे किंवा पाणी ओतण्याची घाई होते. झटक्यात गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. अशा वेळी ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनियाला किंवा गुदमरण्याला निमंत्रण मिळते.

गाठ सोडवणारा ‘लिसिस’

जुन्या काळी या आजारावर फारसा इलाज नव्हता. जबर झटका बरा करणे अशक्य आणि सौम्य झटकाही सोपा नाही, असेच हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य मानत. शब्दांमधली हताशा, ‘मारला’, ‘वध’, ‘देवाचा फटका’, ही त्या अनुभवातूनच आली. मात्र गेल्या ५० वर्षांत परिस्थिती पालटली आणि शब्द मागे राहिले.

१९७१ मध्ये लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर जिवंत माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. वाहिनी फुटली आहे काय, हे कवटी न उघडता काही मिनिटांत दिसू लागले. या शोधासाठी हाउन्सफील्ड यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक अॅलन कॉर्मॅक यांच्यासह मिळाले. १९९६ मध्ये अमेरिकेत गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला या आजारासाठी मान्यता मिळाली. या उपचाराचे नाव ‘थ्रॉम्बोलिसिस’. ‘थ्रॉम्बस’ म्हणजे गुठळी आणि ‘लिसिस’ म्हणजे सैल करणे. पॅरालिसिसमध्ये ज्या ‘लिसिस’ने अंग ढिले पडले, तोच शब्द आता गुठळी सोडवण्याच्या कामी आला.

या औषधाला वेळेची कडक मर्यादा आहे. सुरुवातीला ती तीन तासांची होती. २००८ मधील अभ्यासानंतर साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठी वाहिनी बंद झाली असेल, तर बारीक नळी आत घालून गुठळी बाहेर काढण्याचा उपचारही आहे. निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंत करता येतो. पण प्रत्येक मिनिट मोलाचे असते. मोठी वाहिनी बंद झाल्यावर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा एक शास्त्रीय अंदाज आहे.

आता खाप्याहून नागपूरचा हिशोब मांडू. अंतर सुमारे ३५ किलोमीटर. वाहन वेळेवर मिळाले, तर साडेचार तासांच्या मुदतीत हा रस्ता आरामात बसतो. वेळ जातो तो त्याआधी : तेल कोमट करण्यात, ‘थोडा पडून राहू द्या’ म्हणण्यात, मुलगा शेतावरून येण्याची वाट पाहण्यात, औषध कुठे मिळते याची चौकशी करण्यात. म्हणून पहिल्या मिनिटाला घरात कोणता शब्द उच्चारला जातो, याला इतके महत्त्व.

पहिल्या मिनिटाला काय करावे

चेहरा : माणसाला हसायला सांगावे. ओठ एका बाजूला ओढला जातो का, ते पाहावे.

हात : दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगावे. एक हात खाली येतो का?

वाचा : रोजचे साधे वाक्य बोलायला लावावे. उच्चार अडखळतात का? शब्द भलतेच येतात का?

वेळ : यांपैकी एक गोष्ट जरी बिघडलेली असली, तरी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. अचानक तोल जाणे, एकाएकी दिसेनासे होणे किंवा कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी याही धोक्याच्या खुणा आहेत.

सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतो आणि गुठळीचे इंजेक्शन मिळते, अशाच रुग्णालयात जावे. असे जवळचे रुग्णालय कोणते, हे आजच विचारून कागदावर लिहून ठेवावे. ऐनवेळी विचारत बसू नये. रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला, ती वेळ लक्षात ठेवावी, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. सकाळी झोपेतून उठताना हात लुळा आढळला, तर रात्री झोपण्यापूर्वी किंवा पहाटे पाणी प्यायला उठल्यावर तो ठीक होता काय, हे सांगावे. चालू औषधे सोबत न्यावीत. विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आवर्जून दाखवावी.

काही गोष्टी टाळाव्यात. तोंडावाटे पाणी, चहा, औषध देऊ नये. घरच्या घरी अॅस्पिरिन देऊ नये. वाहिनी फुटलेली असेल, तर ती घात करील. रक्तदाब वाढलेला दिसला, तरी जादा गोळी देऊ नये. मधुमेही रुग्णाची साखर घरच्या यंत्रावर झटपट मोजता आली तर मोजावी, कारण साखर फार उतरली तरी अशीच लक्षणे दिसू शकतात; पण त्यासाठी निघणे लांबवू नये.

वाचाघात : शब्दच हरवतात तेव्हा

या आजाराचा शब्दांशी आणखी एक संबंध आहे, आणि शुश्रूषा करणाऱ्यांना तोच सर्वांत जड जातो. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी मेंदूच्या डाव्या बाजूचा एक भाग बोलण्याशी जोडलेला आहे, हे दाखवले. म्हणूनच उजवी बाजू लुळी पडलेल्या अनेक रुग्णांची वाचाही जाते. या अवस्थेला मराठीत ‘वाचाघात’ म्हणतात. इथेही आघात आहेच. जीभ हलते, आवाज निघतो, पण हवा तो शब्द सापडत नाही. ‘पाणी’ म्हणायचे असते आणि तोंडून ‘गाडी’ येते.

अशा माणसाला वेड लागले किंवा त्याला काही कळत नाही, असे समजण्याची चूक सहज होते. वस्तुतः अनेकांना समोरच्याचे बोलणे बरेचसे समजत असते. त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिसऱ्या माणसासारखे बोलणे त्याला फार लागते. त्याच्याशी समोर बसून, छोट्या वाक्यांत, एका वेळी एकच गोष्ट बोलावी. ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येईल, असे प्रश्न विचारावेत. उत्तराला वेळ द्यावा; त्याचे वाक्य आपण घाईने पुरे करू नये. दूरदर्शन संच बंद ठेवावा. पेला, ताट, चश्मा यांची चित्रे दाखवली, तर तो बोट ठेवून सांगू शकतो.

अल्बेर पित्र या फ्रेंच वैद्याने १८९५ मध्ये दोन-तीन भाषा जाणणाऱ्या वाचाघातग्रस्त रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा माणसाच्या सर्व भाषा एकाच वेळी परत येतातच असे नाही. अनेकदा रोजच्या वापरातली भाषा आधी येते. खाप्यासारख्या दुभाषी गावात हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आबाजी मराठीत अडखळत असतील आणि हिंदीत बोलत असतील, तर त्यांना हिंदीत बोलू द्यावे. काहींना बोलता येत नाही, पण लहानपणापासून पाठ असलेली आरती किंवा भजन सुरात म्हणता येते. घरच्यांनी सोबत म्हणावे. वाचोपचार तज्ज्ञ या मार्गाचाही उपयोग करून घेतात.

हातापायांच्या बाबतीतही धीर सोडू नये. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा अधिक वेगाने होते, पण त्यानंतरही ती थांबत नाही. मेंदूचे शाबूत भाग हरवलेली कामे हळूहळू शिकतात, आणि त्यासाठी रोजचा नियमित व्यायाम लागतो. मालिशने बरे वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून करावे. पण मालिश हा व्यायामाला पर्याय नव्हे. रुग्णाला उठवताना लुळा हात धरून ओढू नये, खांदा दुखावतो. आणि बरे वाटू लागले म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नये, कारण दुसऱ्या झटक्याची वाट बहुधा तिथूनच मोकळी होते.

लकवा हा शब्द आता मराठीतून जाणार नाही, आणि त्याने जावे असेही नाही. हजार वर्षे जुना आणि अर्ध्या जगाचा प्रवास करून आलेला हा शब्द खाप्याच्या गल्लीत स्थिरावला आहे. त्याला आपण दोन शब्दांची जोड मात्र देऊ शकतो. घरात ‘लकवा मारला’ असे कोणी म्हटले, की दुसऱ्याने लगेच विचारावे : “किती वाजता?” आणि तिसऱ्याने गाडी काढावी. मुलासुनांना, नातवंडांना आणि शेजाऱ्यांना हे आज संध्याकाळीच सांगून ठेवावे. सांगताना चेहरा, हात, वाचा यांची तपासणी एकमेकांवर एकदा करून पाहावी. दोन मिनिटे लागतात.